आठशे अंशांवरचा बर्फ

उमापुरात काचेवर बर्फ धरत नाही. गेवराई तालुक्यातलं हे आमचं गाव, उत्तरेला गोदावरी, नदीच्या पलीकडे पैठण. डिसेंबर-जानेवारीत पहाटे हुडहुडी भरते, शेकोट्या पेटतात, ज्वारीच्या पानांवर दव पडतं, आणि सकाळी नऊपर्यंत सगळं उडून जातं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले की त्याची बातमी होते, म्हणजे महाराष्ट्रात बर्फ ही बातमीची गोष्ट आहे. जुन्या घरांच्या खिडक्यांना आमच्याकडे काचाच नसायच्या. लोखंडी गज आणि लाकडी फळ्या. त्यामुळे थंडीने काचेवर नक्षी काढणं म्हणजे काय, हे मला कळलं ते एका बाईंच्या गोष्टीतून. ती गोष्ट १९११च्या सुमारास सेंट पीटर्सबर्गमध्ये सुरू होते. तिच्यात आपल्याकडच्या रॉकेलचा थोडा वासही आहे. त्यावर येतोच.

त्या बाईंचं नाव अल्मा पिल. फाबर्जे हे नाव तुम्ही ऐकलं असेल, निदान एखाद्या चोरीच्या सिनेमात पाहिलं असेल. रशियाच्या झारसाठी ईस्टरची रत्नजडित अंडी बनवणारी पेढी. तिचा मालक कार्ल फाबर्जे. पण एवढ्या मोठ्या पेढीत मालक स्वतः बसून काही घडवत नसतो. तिथे वेगवेगळ्या उस्तादांचे वेगवेगळे कारखाने होते. एकाकडे सोन्याच्या डब्या, दुसऱ्याकडे चांदीची भांडी, तिसऱ्याकडे हिऱ्यांचे दागिने. आजच्या भाषेत, ब्रँड एक आणि खाली व्हेंडर अनेक. हिऱ्यांच्या दागिन्यांचा मुख्य उस्ताद होता ऑगस्ट होल्मस्ट्रोम, फिनलंडमधून आलेला. त्याची मुलगी फॅनी, आणि फॅनीची मुलगी अल्मा. वडील क्नुट ओस्कर पिल हेही फाबर्जेकडेच, मॉस्कोतल्या दागिन्यांच्या कारखान्याचे प्रमुख. अल्माचा जन्म १८८८ सालचा, मॉस्कोतला. १८९७ मध्ये वडील गेले. ते चाळिशीही ओलांडू शकले नव्हते. मग आई मुलांना घेऊन माहेरी पीटर्सबर्गला आली.

पुढे आजोबाही वारले आणि कारखाना मामाकडे, अल्बर्ट होल्मस्ट्रोमकडे आला. १९०९ साली वीस वर्षांची अल्मा मामाच्या कारखान्यात कामाला लागली. काम काय? नक्कल करायचं. तयार झालेला प्रत्येक दागिना विकायला जाण्याआधी वहीत उतरवून घ्यायचा. खऱ्या मापाचं जलरंगातलं चित्र, शेजारी कोणते खडे किती, धातू कोणता, खर्च किती. दागिना गेला तरी नोंद राहिली पाहिजे, आणि उद्या कुणी तसाच मागितला तर बनवता आला पाहिजे. मी रोज ज्या कोडवर काम करतो त्याच्या प्रत्येक बदलाची अशीच नोंद ठेवली जाते. कुणी, कधी, काय बदललं. फरक एवढाच की आमची नोंद मशीन आपोआप ठेवतं आणि ती दिसायला अजिबात सुंदर नसते.

डिझाईनचं रीतसर शिक्षण अल्माने घेतलेलं नव्हतं. शाळेत चित्रकला शिकली तेवढीच. पण फावल्या वेळात ती स्वतःच्या कल्पना कागदावर काढायची. मामाच्या नजरेला ती चित्रं पडली आणि त्यातली काही प्रत्यक्षात बनायला लागली. नक्कल करता करता हात तयार होणं हे आपल्याकडे सोनाराच्या पेढीवर नवीन नाही. मुलगी त्या जागी बसणं मात्र तेव्हा पीटर्सबर्गमध्येही सोपं नव्हतं. मामाचा कारखाना नसता तर ही गोष्ट इथेच संपली असती.

मग आलं नोबेलचं काम.

इमॅन्युएल नोबेल हा डायनामाइटवाल्या आल्फ्रेड नोबेलचा पुतण्या. काकाने मृत्युपत्रात बहुतेक संपत्ती पारितोषिकांसाठी ठेवली तेव्हा घरातले बरेच जण भडकले होते. इमॅन्युएल काकाच्या शब्दाला जागला. आज दर ऑक्टोबरात आपण नोबेलच्या बातम्या वाचतो, त्यात त्याचाही वाटा आहे. त्याची स्वतःची श्रीमंती मात्र डायनामाइटची नव्हती. ती होती बाकूच्या तेलाची. कॅस्पियन समुद्राच्या काठी जमिनीतून तेल काढायचं, त्याचं रॉकेल करायचं आणि जहाजातून, रेल्वेतून विकायला पाठवायचं. नोबेल बंधूंनी १८७८ मध्ये 'झोरोआस्टर' नावाचं तेलवाहू जहाज कॅस्पियनमध्ये उतरवलं. तेल पिंपात न भरता थेट जहाजाच्या पोटात भरून नेणाऱ्या पहिल्या यशस्वी जहाजांपैकी ते एक.

आता इथे जरा वाट वाकडी करतो, कारण हे तेल आपल्या दारापर्यंत आलं होतं. बाकूचं तेल रेल्वेने काळ्या समुद्रावरच्या बातूमीला यायचं आणि तिथून जहाजाने पूर्वेकडे निघायचं. १८९२ मध्ये 'म्युरेक्स' नावाचं जहाज बातूमीचं रॉकेल पोटात भरून सुएझ कालव्यातून पार झालं. तेलाच्या टँकरला तो रस्ता तेव्हा पहिल्यांदा खुला झाला. हिंदुस्थानच्या बाजारात या व्यापारात नोबेलपेक्षा रॉथशिल्ड आणि मार्कस सॅम्युएल ही मंडळी पुढे होती, पण तेल त्याच जमिनीतलं. १८९०च्या दशकात या रशियन रॉकेलने इथल्या बाजारात अमेरिकन रॉकेलला मागे टाकलं. त्याआधी घराघरांत करडईच्या, एरंडीच्या तेलाचे दिवे होते. मग चिमण्या आल्या, कंदील आले, आणि पुढे कराडजवळच्या ओगलेवाडीचा 'प्रभाकर' कंदील घरोघरी गेला. भाषेतही ही आयात शिल्लक आहे. 'रॉकेल' हा शब्द 'रॉक ऑईल'चा अपभ्रंश, आणि 'घासलेट' हा 'गॅसलाईट'चा. ज्या पत्र्याच्या चौकोनी डब्यांतून हे तेल यायचं त्यांची झाकणं उडवून लोकांनी धान्याचे डबे केले, डबे उलगडून छपराला लावले. आमच्या भागात निजामाचं राज्य होतं आणि रेल्वे लांब होती, तरी डबा पोचलाच.

म्हणजे एकाच तेलातून इकडे चिमण्या पेटत होत्या आणि तिकडे जो बर्फ घडणार होता त्याचे पैसे येत होते.

नोबेलला भेटवस्तू द्यायची फार हौस. १९११च्या सुमारास त्याने होल्मस्ट्रोमकडे घाईची मागणी नोंदवली: चाळीस लहान दागिने, बहुतेक ब्रोच. व्यवसायातल्या लोकांच्या बायकांना द्यायचे होते. अट अशी की डिझाईन अगदी नवं हवं आणि सामान फार महाग नको, नाहीतर भेट न वाटता लाच वाटेल. ही अट मला फार आवडते. आमच्या धंद्यात क्लायंट येतो आणि म्हणतो, नवीन हवं, स्वस्त हवं, लवकर हवं. आपण म्हणतो तिन्ही एकत्र होत नाही. इथे झालं.

अल्माचं टेबल खिडकीजवळ होतं. पीटर्सबर्गचा हिवाळा म्हणजे डिसेंबरच्या शेवटी दिवस जेमतेम सहा तासांचा, सूर्य उगवला तरी क्षितिजावरून फार वर येत नाही. कारखान्यात आत ऊब, बाहेर गोठवणारी थंडी, मध्ये काच. त्या काचेवर बर्फाने पानाफुलांसारखी नक्षी धरलेली. आणि त्यावर ऊन पडलं. पुढे तिने घरच्यांना सांगितलेली आठवण अशी की त्या चमकणाऱ्या नक्षीतच तिला दागिना दिसला. मग तिने तो कागदावर उतरवायला सुरुवात केली.

हे ऐकायला फार सहज वाटतं. खिडकीकडे पाहिलं आणि सुचलं. पण ती खिडकी तिथे आधीपासूनच होती आणि प्रत्येक हिवाळ्यात तिच्यावर बर्फ धरत होता. त्या शहरातल्या प्रत्येक सोनाराने तो पाहिला होता, बहुधा बोटाच्या नखाने खरवडलाही होता. त्यांना त्यात दागिना दिसला नाही, कारण दागिना म्हणजे मौल्यवान खडा मधोमध आणि बाकीचं त्याच्या सेवेला, ही सवय पक्की होती. अल्माची दोन वर्षं मात्र दागिन्यांची चित्रं काढण्यात गेली होती. चित्र काढणाऱ्याला खड्याची किंमत दिसत नाही, रेषा दिसते. त्यात वर नोबेलची स्वस्त सामानाची अट. मोठा हिरा वापरायचाच नाही म्हटल्यावर उरतं काय? स्फटिक, म्हणजे पारदर्शक गार. तो फारसा महाग नसतो. आणि त्यावर प्लॅटिनमच्या बारीक फांद्यांत बसवलेल्या हिऱ्यांच्या अगदी बारक्या कण्या. काच, तिच्यावर बर्फ. जे खिडकीत होतं तेच सामानाच्या यादीत बसलं.

खिडकीवरचा हा बर्फ आकाशातून पडणाऱ्या हिमकणांपेक्षा वेगळा असतो. हिमकण हवेत एकटा वाढतो, म्हणून त्याची सहा टोकं सारखी येतात. काचेवरच्या बर्फाला जमीन मिळालेली असते. खोलीतल्या हवेतली वाफ थंडगार काचेला लागते आणि पाणी न होता थेट बर्फ होते. सुरुवात होते ती काचेवरच्या एखाद्या चऱ्यापासून, धुळीच्या कणापासून, फडक्याने पुसल्याच्या खुणेपासून. तिथून फांदी फुटते, फांदीला फांदी, आणि नेच्याच्या पानासारखा आकार तयार होतो. म्हणजे ही नक्षी काचेच्या दोषांवरून चालते. अगदी स्वच्छ, नव्या काचेवर ती तितकीशी धरत नाही. आणि हल्लीच्या दुपदरी काचांच्या खिडक्यांमुळे थंड देशांतही ती दिसेनाशी झाली आहे. रॉकेलच्या चिमणीसारखीच तीही जुन्या घरांबरोबर गेली.

बर्फाचे हे दागिने गाजले. नोबेलने ही कल्पना आपल्यासाठी राखून ठेवायला लावली असंही सांगतात. त्याच्या मेजवानीत बायकांच्या नॅपकिनमध्ये बर्फाचा एकेक दागिना गुंडाळून ठेवलेला असायचा, ही गोष्ट फाबर्जेवरच्या पुस्तकांत हमखास येते.

पण ज्यासाठी मी या सगळ्यात शिरलो ती वस्तू वेगळी आहे. १९१३-१४च्या सुमारास नोबेलसाठी एक अंडं बनलं. आज ते 'नोबेल आईस एग' म्हणून ओळखलं जातं आणि अमेरिकेत ह्यूस्टनच्या मॅकफेरिन संग्रहात आहे. आत स्फटिक आणि हिऱ्यांचं लटकतं घड्याळ. बाहेरचं कवच एनॅमलचं. कल्पना अल्माचीच मानली जाते.

एनॅमल म्हणजे आपला मीना. आपल्याकडे मीना म्हटलं की जयपूर आठवतं, पण गावच्या सोनाराकडे चांदीच्या जोडव्यांवर हिरवा-लाल ठिपका असतो तोही मीनाच. पैठणीवाल्यांकडेही हा शब्द ऐकू येतो. जरीवर रंगीत रेशमाने भरलेल्या नक्षीला ते मीना म्हणतात, कारण ती सोन्यावर रंग भरल्यासारखी दिसते. आणि आमच्या पिढीने आजीच्या घरी पाहिलेली पांढरी, निळ्या काठाची, टवका उडून आतलं काळं लोखंड दिसणारी थाळी, तीही एनॅमलचीच. तिन्हींमध्ये खरा मीना दोनांतच आहे, पैठणीतला फक्त नावाचा. पण नाव उगाच पडत नाही.

मुळात मीना म्हणजे काच. विशिष्ट काच कुटून, पाण्यात घोटून तिचं पीठ करायचं. रंगासाठी त्यात धातूंची भस्मं: निळ्याला कोबाल्ट, हिरव्याला तांबं. हे ओलं पीठ धातूवर पातळ पसरायचं, वाळवायचं आणि सातशे ते आठशे अंश सेल्सियसच्या भट्टीत घालायचं. एक-दोन मिनिटांत पीठ वितळतं, धातूला धरतं, आणि बाहेर काढल्यावर चकचकीत काच होते. आपल्याकडचे मीनाकार रंगांचा क्रम पाळतात: ज्याला जास्त आच सोसते तो आधी, म्हणजे पांढरा, आणि नाजूक लाल सगळ्यांत शेवटी. प्रत्येक रंगाला भट्टीची वेगळी फेरी.

यात घात कुठे होतो? तापल्यावर धातू पसरतो, काचही पसरते, पण दोघांची पसरण सारखी नसते. निवताना धातू जास्त आक्रसला आणि काच कमी, की ताण येतो आणि तडा जातो. थाळीचा टवका उडतो त्याचं मूळ कारण हेच. पत्रा वाकला तरी काच वाकायला तयार नसते. म्हणून दागिन्याच्या मागच्या बाजूलाही एनॅमलचा थर देतात, ताण दोन्हीकडून सारखा राहावा म्हणून. आपल्या कुंदनाच्या दागिन्यांना तर पाठीवरच मीना असतो. समोर खडे, आणि मागे, अंगाला लागणाऱ्या बाजूला, पोपट आणि फुलं. तो कारागिराला माहीत आणि घालणारीला माहीत.

फाबर्जेच्या एनॅमलची ख्याती पारदर्शक थरांसाठी होती. आधी धातूवर यंत्राने बारीक लाटांची, किरणांची नक्षी कोरायची. मग त्यावर पारदर्शक एनॅमलचे पाच-सहा थर, प्रत्येक थराला वेगळी भट्टी. शेवटी लाकडी चाकावर आणि मऊ चामड्यावर तासन् तास घासून आरशासारखं गुळगुळीत करायचं. पहिले पाच थर जमले आणि सहाव्याला बुडबुडा आला तर सगळं गेलं. यात 'अनडू' नाही. फाबर्जेकडे हे काम पेत्रोव बापलेक, अलेक्सांद्र आणि निकोलाय, आणि वासिली बोइत्सोव हे उस्ताद बघत.

नोबेलच्या अंड्यावर त्यांनी की त्यांच्या हाताखालच्या कुणी जे केलं ते असं: पांढरट, अर्धपारदर्शक एनॅमलचे थर चढवत नेले आणि थरांच्या मध्ये बर्फाची नक्षी उठवली. त्यामुळे नक्षी पृष्ठभागावर नुसती काढलेली वाटत नाही, बर्फाच्या आत अडकलेली वाटते, जशी खरी असते. अंड्याला कोपरा नाही, सपाट जागा नाही. भट्टीत ओलं पीठ गोलावरून ओघळू शकतं. काचेवरची थंडी दाखवायला काचच वितळवली, आणि तीही आठशे अंशांवर. फोटोत ते अंडं शांत दिसतं. मी झूम करून करून पाहिलं. टाका, जोड, कुठेच काही दिसत नाही.

चित्र अल्माचं, हात एनॅमलवाल्याचा. यातलं श्रेय कुणाचं असा प्रश्न मला पडतो, कारण आमच्या कामातही तोच पडतो. स्क्रीन ज्याने डिझाईन केली त्याची, की जिने ती चालवून दाखवली तिची? ऑफिसात यावर लोक भांडतात. मला वाटतं, बर्फ खिडकीवर पाहणं अवघड होतं आणि भट्टीत उतरवणंही तितकंच. पण इतिहासाने निदान पाहणारीचं नाव ठेवलं. त्या एका अंड्यासाठी भट्टीपुढे नेमकं कोण उभं होतं, त्याचं नाव कुणी लिहिलं नाही.

१९१३ मध्ये अल्माने बर्फाची कल्पना झारच्या घरी नेली. 'विंटर एग', हिवाळ्याचं अंडं. दुसऱ्या निकोलसने ते आपल्या आईला, मारिया फ्योदोरोव्नाला ईस्टरला दिलं. यात एनॅमल नाही. स्फटिकाचं पातळ कवच, आतून कोरलेला बर्फ, बाहेरून हिऱ्यांचा बर्फ, आणि बूड म्हणजे वितळत चाललेला बर्फाचा ठोकळा, त्यावरून हिऱ्यांचे ओघळ. उघडलं की आत प्लॅटिनमची टोपली आणि तिच्यात पांढऱ्या दगडाची रानफुलं. हिवाळा फोडला की आत वसंत. बिल आलं २४,६०० रूबल. त्या काळी रशियन गिरणी कामगाराला वर्षाला अडीचशे-तीनशे रूबल मिळायचे. हिशेब तुम्हीच करा. ऐंशी-शंभर वर्षांची मजुरी होते. चार वर्षांत क्रांती झाली, यात मला आश्चर्य वाटत नाही.

पुढच्या वर्षी, १९१४ मध्ये, अल्माने आणखी एक शाही अंडं केलं, 'मोझेक एग'. तेव्हा तिचं लग्न झालेलं होतं. एका संध्याकाळी सासूबाई शेगडीजवळ बसून फुलीटाक्याचं भरतकाम करत होत्या. उजेड त्यावर पडला आणि अल्माला पुढचं डिझाईन मिळालं. प्लॅटिनमच्या जाळीत चौकोनी कापलेले रंगीत खडे, लांबून अगदी कशिदा. हे अंडं आता इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. दोन्ही वेळा गोष्ट हिवाळ्यात, घराच्या आत, उजेड पडलेल्या एका सामान्य वस्तूपाशी येऊन थांबते. अल्माबद्दल वाचताना हे मला सर्वांत खरं वाटलं. तिने कुठे बर्फाळ डोंगर पाहायला प्रवास केला नाही. दिवस सहा तासांचा असेल आणि बाहेर जाता येत नसेल तर माणूस जवळच्या गोष्टी नीट बघतो.

आमच्याकडे हिवाळा उलटा असतो, तो माणसांना घराबाहेर काढतो. दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातली लाखो माणसं ऊस तोडायला निघतात. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक, ट्रॅक्टर भरून. गावात म्हातारी माणसं आणि काही मुलं उरतात. हुरड्याचे दिवस असतात, नाथसागरावर रोहित पक्षी उतरलेले असतात, आणि गल्लीत कुलपं. ऊसतोडीत मजुरांची मोजणी 'कोयत्या'वर होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल ठरते ती जोडीची, पण मुकादमाच्या वहीत नाव लागतं नवऱ्याचं. बाई पहाटे चारला उठून मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते, हंगामभर. वहीत ती अर्धा कोयता.

अल्माची गोष्ट वाचताना मला ही वही सारखी आठवत होती. हजारो हिरे बसवलेल्या अंड्याची आणि उसाच्या मोळीची तुलना कुणाला ओढूनताणून वाटेल. वाटो. फाबर्जेच्या अंड्यावर फाबर्जेचं नाव आहे, अल्माचं नाही. तिचं काम जगाला पुन्हा कळलं त्याचं एक मोठं कारण वहीच होती.

क्रांतीनंतर पेढी गेली. कार्ल फाबर्जे परदेशी पळाला आणि १९२० मध्ये वारला. बाकूच्या तेलविहिरी बोल्शेविकांनी घेतल्या, नोबेल स्वीडनला गेला. अल्मा आणि तिचा नवरा निकोलाय क्ले यांनी १९२१ मध्ये रशिया सोडला आणि ती दोघं फिनलंडमध्ये आली. कूसांकोस्की नावाचं कागद कारखान्यांचं गाव. तिथल्या स्वीडिश शाळेत १९२७ पासून १९५१ पर्यंत ती चित्रकला आणि सुलेखन शिकवत होती. बाहेर फिनलंडचा हिवाळा, वर्गाच्या खिडक्यांवर दरवर्षी बर्फ, आणि समोर मुलं. आपल्या बाईंनी झारसाठी अंडी घडवली होती हे त्या मुलांना माहीत नव्हतं. ती तो विषयच काढत नसे. १९७६ मध्ये हेलसिंकीत ती वारली.

मधल्या काळात तिच्या वस्तू हातोहात फिरल्या. सोव्हिएत सरकारला परकीय चलन हवं होतं म्हणून 'विंटर एग' लंडनच्या वार्ट्स्की पेढीला विकलं गेलं, ४५० पौंडांना. नंतर ते १९७५च्या सुमारास दिसेनासं झालं आणि १९९४ मध्ये पुन्हा सापडलं. २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याचे ९६ लाख डॉलर आले. डिसेंबर २०२५ मध्ये लंडनमध्ये पुन्हा लिलाव झाला, तेव्हा सुमारे २ कोटी २९ लाख पौंड. म्हणजे अडीचशे कोटींहून जास्त रुपये.

त्याच वार्ट्स्की पेढीकडे होल्मस्ट्रोम कारखान्याच्या दोन जाड वह्या आल्या. १९०९ ते १९१५ या काळातल्या. पेढीचे केनेथ स्नोमन यांनी त्यांवर १९९३ मध्ये पुस्तक काढलं. फिनलंडच्या अभ्यासक उल्ला टिलँडर-गोडेनहिल्म यांनी अल्माच्या घरच्यांच्या आठवणी आणि कागदपत्रं यांची सांगड घातली. त्यांचं स्वतःचं घराणंही पीटर्सबर्गमध्ये सोनारकाम करणारं आणि तिथून फिनलंडला आलेलं. तेव्हा कुठे चित्र पूर्ण झालं. त्या वह्यांची पानं इंटरनेटवर पाहायला मिळतात. फोनवर उघडा आणि मोठी करून बघा. पिवळसर कागद, बारीक अक्षरातली यादी, आणि बाजूला खऱ्या मापाचे दागिने. मधूनच बर्फाची पानं येतात, एकाखाली एक ब्रोच, राखाडी-निळ्या रंगात, पांढऱ्याचा अगदी हलका हात देऊन. हिरा किती कणीचा, प्लॅटिनम किती, किंमत किती, सगळं लिहिलेलं. किमतीचे आकडे बघाल तर काही दागिने खरंच स्वस्तात पडले होते.